टॉवरकाकूंचं कलम

चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासण्यात टॉवरकाकूंचं अर्धं आयुष्य गेलं. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायचा आणि म्हणायचं, “आता खालून दुसरी ओळ वाचा.” त्या काळात त्यांना कुणी टॉवरकाकू म्हणत नसे. ते नाव पडलं नोकरी संपल्यावर, आणि पाडलं लेकीच्या धंद्यातल्या लोकांनी. काकूंना आधी राग आला, मग सवय झाली. पुढे एकदा फोन उचलून “हं, टॉवरकाकू बोलतेय” असं त्या स्वतःच म्हणून गेल्या, तेव्हा घरच्यांनी हात टेकले.

लेकीला घरात छकुली म्हणत. आता तिला दारातून जाताना मान वाकवावी लागायची, पण आईनं ठेवलेलं लाडाचं नाव उंची बघून थोडंच बदलतं! छकुलीनं चांगली ऑफिसातली नोकरी सोडली आणि ड्रोन घेऊन वरून फोटो काढायचा धंदा सुरू केला. कारखाने, हॉटेलं, नव्या वसाहती, ज्याला ज्याला आपली वास्तू पाखराला दिसते तशी बघायची हौस, तो छकुलीला बोलावत असे. ड्रोनची पेटी घरात आली त्या दिवशी काकूंनी तिच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसं पाहिलं.

“हे पडलं तर गं?”

“नाही पडत, आई.”

“आणि तू पडलीस तर?”

“मी कशाला पडेन? उडतं ते. मी जमिनीवर असते.”

जमिनीवर कुठली! बाईसाहेब असायच्या गच्चीवर. हॉटेलांच्या टाक्यांशेजारी, गोदामांच्या पत्र्यांजवळ, अर्धवट इमारतींच्या माथ्यावर, जिथे कठडा बांधायचा बाकी असतो आणि वारा मात्र वेळेवर आलेला असतो. लेक कामाला गेली की काकू घासलेलीच भांडी पुन्हा घासत. छकुलीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करता करता निवृत्त झालेले. उंचीची त्यांना भीती नव्हती, आणि काळजी हे खातं त्यांनी लग्नातच बायकोच्या नावावर करून टाकलं होतं.

“अगं, वर गेलेलं खाली येतं,” ते म्हणायचे. “माझ्या सगळ्या नोकरीत एकही लिफ्ट वर राहून गेली नाही.”

“तेच म्हणतेय ना मी! कशी खाली येते, ते बघायला नको कुणी?”

आणि बघायला माणूस लागतच होता. ड्रोन उडवणाऱ्याचे डोळे हातातल्या स्क्रीनवर असतात, त्याला आजूबाजूचं आकाश दिसत नाही. म्हणून नियम असा की दुसऱ्या एका माणसानं शेजारी उभं राहून मशीनवर नुसत्या डोळ्यांनी सतत नजर ठेवायची, आणि पक्षी, तार, झाड असं काही आडवं आलं की ओरडायचं. सरकारी भाषेत तो निरीक्षक. धंद्यात त्याला बघ्या म्हणत. छकुलीनं दोन-चार बघे ठेवून पाहिले. एकाची नजर त्याच्या फोनवरून उठत नसे. दुसरी शेजारची मुलगी, ती आकाशाकडे बघायची खरी, पण मध्येच म्हणायची, “ताई, तो ढग बघ, अगदी हत्ती!”

एकदा छकुली डबा विसरून गेली. काकू डबा घेऊन हॉटेलच्या आवारात पोचल्या तेव्हा बघ्याचा पत्ता नव्हता आणि लेक एकटीच मशीन उडवत होती. काकूंनी डबा खाली ठेवला, मान वर केली, आणि ती पुढं खाली केलीच नाही.

“घार! घार आली, उजवीकडून!”

“कुणाच्या उजवीकडून, आई?”

“माझ्या! म्हणजे तुझ्या डावीकडून! म्हणजे घारीच्या... अगं, आण ते इकडे!”

जवळचं वाचायला काकूंना चष्मा लागे, पण लांबचं विचारू नका. रस्त्यापलीकडच्या बाईच्या पदराची पिन उघडी आहे, हे त्या अलीकडून सांगत. तारेवरचा कावळा उडायच्या बेतात आहे, हे त्यांना कावळ्याच्या आधी कळे. त्या दिवसापासून छकुलीच्या बघ्या त्याच झाल्या. उन्हाची टोपी, पाण्याची बाटली आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. शेजारच्या प्लॉटवर लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका मिशीवाल्यानं त्यांचं ओरडणं ऐकलं आणि म्हणाला, “विमानतळाचा टॉवरसुद्धा एवढं बोलत नसेल हो.” झालं. टॉवरकाकू.

घरी मात्र भांडी एकदाच घासली जाऊ लागली. काकूंना भूक लागायला लागली. “लेकीच्या धंद्यानं तुझी तब्येत सुधारली,” असं छकुलीचे बाबा म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. काळजी होतीच, पण ती आता समोर उभी होती. समोरच्या काळजीशी माणूस बोलू तरी शकतं.

असं सगळं छान चाललेलं असताना सरकारी कार्यालयानं ड्रोनच्या धंद्यासाठी नव्या नियमांचा मसुदा काढला आणि हरकती मागवल्या.

ड्रोनवाल्यांचा एक संघ होता. त्याची सभा गाद्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरली. अध्यक्ष तोच मिशीवाला. एवढ्या मिशा असताना दुसऱ्या कुणाला अध्यक्ष करणं बरं दिसलं नसतं. त्यानं उभं राहून कलम चौदा वाचलं: ड्रोन चालवणाऱ्यांच्या कुटुंबातील कोणत्याही व्यक्तीस निरीक्षक म्हणून काम करता येणार नाही.

हॉलमध्ये एकच गलका झाला. कारण तिथे सगळी नातीगोतीच बसली होती. कुणाचा बघ्या भाऊ, कुणाचा मामा. खुद्द मिशीवाल्याची बघ्या त्याची बायको.

“म्हणजे आता मी मेहुण्याशी नातं तोडू का?” एकजण ओरडला.

“तोड की! तुला निमित्तच हवं होतं,” मागून उत्तर आलं.

काकूंच्या डोळ्यांपुढे मात्र गच्ची आली. गच्चीवर छकुली, आणि तिच्या शेजारी कुणीतरी परका, फोनमध्ये मान घालून. आणि आपण घरी, हातात घासलेलं पातेलं.

नियम ठरवणाऱ्या समितीवर संघाचा एक प्रतिनिधी घेणार होते. “मसुदा पूर्ण कुणी वाचलाय?” मिशीवाल्यानं विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या, कारण त्यांच्या हातातल्या प्रतीवर पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या.

“काकू, तुम्हीच जा,” मिशीवाला म्हणाला. “बाकी काही बघू नका. कलम चौदा तेवढं उडवून या.”

“उडवतेच,” काकू म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात असा काही जोर होता की खालच्या गादीवाल्यानंसुद्धा वर बघितलं म्हणे.

समितीच्या अध्यक्ष एक मॅडम होत्या, आवाजानं नाजूक पण मुद्द्याला चिकट. दुसरा ठळक माणूस म्हणजे विमावाला. ड्रोन कुणाच्या डोक्यात पडलं की ज्याच्याकडे सगळे धावतात तो. कलम चौदा त्याच्याच सुपीक डोक्यातून निघालं होतं. काकू त्याच्यासमोरच बसल्या आणि चौदावर तोंड उघडणार तोच मॅडम म्हणाल्या, “आपण क्रमानं जाऊ. कलम एक. कुणाच्या काही सूचना?”

इथेच सगळा घोटाळा झाला. काळजीनं भरलेल्या आईला ‘काही सूचना?’ असं कुणी कधी विचारू नये. आणि तेसुद्धा प्रत्येक कलमाला!

काकूंच्या तोंडून एक सूचना निघाली, तिच्या मागून दुसरी, आणि मग फुटलेल्या नळासारखं झालं. तारांपासून अंतर वाढवा. झाडावर घरटं असेल तर त्या बाजूला जायचंच नाही. वाळत घातलेल्या कपड्यांच्या वरून उडवायचं नाही, कारण एकदा एक टॉवेल पंख्यांत गेला होता आणि टॉवेलाची मालकीण जिन्यातून वर आली होती.

“आणि उडवणारा उपाशी नसावा,” काकू म्हणाल्या.

“उपाशी आहे हे ठरवायचं कसं?” मॅडमनी विचारलं.

“तोंडाकडे बघून कळतं की.”

“नियमात तोंड लिहिता येत नाही हो.”

बराच वेळ चर्चा होऊन ‘चालकाने पुरेसा आहार व विश्रांती घेतलेली असावी’ असं वाक्य तयार झालं. विमावाल्याचे डोळे पाणावायचे बाकी होते. “बाई,” तो म्हणाला, “तुम्ही आमच्या कंपनीत का नाही आलात?”

बैठकांत बदललेला मसुदा संघात पोचला आणि मिशीवाला तडक काकूंच्या घरी आला. बसला नाहीच.

“काकू, आम्ही तुम्हाला कुंपण काढायला पाठवलं होतं! हे म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं की हो!”

“चौदा अजून आलंच नाही,” काकू म्हणाल्या. “आम्ही अकरावर आहोत.”

“चौदा येईपर्यंत उडवायला जागा उरेल का?”

छकुलीनं त्याच्या हातातून कागद घेतला. “आई, ‘निरीक्षकाने थांबा म्हटल्यास चालकाने कारण न विचारता मशीन उतरवावे.’ हे तूच घातलंस ना?”

“मग? तू कारणं विचारत बसतेस. तोवर घार येते.”

“आणि वारा सुटला तर स्वेटर घालावा, ते राहिलं वाटतं,” पेपराच्या आडून छकुलीचे बाबा म्हणाले.

“ते मॅडमनी काढलं.”

मग छकुली जी हसत सुटली, ती थेट भिंतीला टेकून खालीच बसली. मिशीवाल्याच्या मिशा थरथरल्या, त्यानं रागवायचा फार प्रयत्न केला, पण त्यालाही आवरलं नाही. जाताना तो दारात हात जोडून म्हणाला, “काकू, चौदा! देवाशपथ, फक्त चौदा!”

चौदावा मुद्दा आला तेव्हा विमावाला आणि काकू समोरासमोर उभे ठाकले. तो म्हणे, घरचा माणूस चुका झाकतो. काकू म्हणत, घरचा माणूसच जीव ओतून बघतो. परक्याला ढगात हत्ती दिसतात. दोघंही हटेनात. शेवटी मॅडम म्हणाल्या, “आपण बघूनच घेऊ. इथल्याच गच्चीवर प्रात्यक्षिक करा. तुम्ही आणि तुमची मुलगी.”

काकूंना आकाश ठेंगणं झालं. जिंकलोच आपण!

कार्यालयाची गच्ची म्हणजे अडगळीचं माहेरघर होतं. मोडक्या खुर्च्या, पाण्याची टाकी, टाकीतून निघून भलतीकडेच गेलेला पाइप, आणि कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. तो कठडा पाहूनच काकूंच्या पोटात गोळा आला. पण त्यांनी मनाला बजावलं, आज डोळे मशीनवर, काही झालं तरी मशीनवर. मॅडम सावलीत उभ्या राहिल्या. विमावाल्यानं दोन पेनं काढली. मिशीवाला संघातर्फे बघायला आला होता, तो टाकीला टेकून उभा राहिला.

मशीन गुणगुणत वर गेलं. सुरुवात झकास झाली. “समोर मोकळं. डावीकडे तार, लांब आहे. कबुतरं, पण ती दुसरीकडे चाललीत.” मॅडमनी कौतुकानं मान डोलवली.

मग ऊन सरकलं. छकुलीच्या स्क्रीनवर तिरीप पडायला लागली, आणि सावली शोधत ती एकेक पाऊल मागे जाऊ लागली. नजर स्क्रीनवर, पाय मागे.

“पाइप!” काकू किंचाळल्या. “छकुले, पाइप! मागे पाइप!”

गच्चीवरची सगळी समिती आकाशात पाइप शोधू लागली. मॅडमनी कपाळावर हात धरून सगळीकडे पाहिलं. विमावाला तर स्वतःभोवती गोल फिरला.

“कुठाय पाइप?”

“घार!” दुसरीकडून मिशीवाला ओरडला. “घार आली, वर काढ, सरळ वर!”

घार वरून झडप घालते, म्हणून तिच्यापासून मशीन वाचवायचं तर ते सरळ वर काढायचं, हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. छकुलीनं मशीन बाणासारखं वर नेलं, घार खालून हात हलवत गेल्यासारखी निघून गेली, आणि त्याच दमात छकुलीनं मागे न बघता, आधीच हेरून ठेवल्यासारखा, तो पाइप टुणकन ओलांडला. मशीन उतरलं.

मॅडम जवळ आल्या. “घार आली तेव्हा मशीन कुठल्या दिशेला होतं, बाई?”

चष्म्याच्या दुकानात कितीतरी माणसं तक्त्यावरची ओळ पाठ करून यायची आणि न दिसताच धडाधड म्हणून दाखवायची. ती थाप काकूंना लगेच ओळखू यायची आणि तिचा त्यांना फार तिटकारा होता. आता बोटानं कुठलीही एक दिशा दाखवली असती तरी खपून गेलं असतं.

“मला नाही माहीत,” त्या म्हणाल्या. “मी बघतच नव्हते.”

“मग काय बघत होता?”

“तिचे पाय.”

विमावाला आता मोठ्यानं हसेल असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं पेनांना टोपणं लावली. “माझ्या आईनंही तेच केलं असतं,” तो म्हणाला. “म्हणून तर कलम लिहिलं.”

जिन्यातून उतरताना काकूंनी लेकीचा हात धरला. “छकुले, खरं सांग. मी नेहमीच असं करते का गं?”

“मैदानावर नाही. मैदानावर तुझ्यासारखी कुणी नाही.”

“आणि गच्चीवर?”

छकुली एका पायरीवर थांबली. “गच्चीवर तू माझ्याकडे बघतेस. मग मधेमधे मीच मशीनकडे बघते. आणि स्क्रीनकडे कुणीच बघत नाही. आई, गच्चीवरचे माझे सगळे फोटो वाकडे येतात. मी घरी येऊन ते सरळ करत बसते. त्या नदीकाठच्या हॉटेलचा तर असा आला होता की सगळं हॉटेल घसरगुंडीवरून नदीत चाललंय.”

“आणि तू मला बोलली नाहीस?”

“काय बोलू? तू जेवायला लागली होतीस.”

काकूंना रडू यायला हवं होतं, पण डोळ्यांपुढे ते घसरणारं हॉटेल आलं आणि त्यांना हसूच फुटलं. मग छकुलीलाही फुटलं. मायलेकी जिन्यात कठड्याला धरून हसत राहिल्या, तेव्हा एका कारकुनानं दार उघडून पाहिलं आणि काळजीनं लावून घेतलं.

पण घरी गेल्यावर काकूंचं हसू ओसरलं. मिशीवाला तिथे नसता तर? घारीनं मशीन पाडलं असतं ते खाली रस्त्यावर, चालत्या माणसांत. ज्याच्या डोक्यात पडलं असतं, त्यालाही घरी कुणी वाट बघणारं असणारच ना. आणि आपण काय पाहत होतो? चांगल्या उंच, धडधाकट लेकीचे पाय. त्या लेकीला आपल्याशिवाय पाइप ओलांडता येतो, हे त्यांनी आजच पाहिलं होतं. ते पाहिल्याचं त्यांना थोडं वाईट वाटत होतं आणि बरंचसं बरंही वाटत होतं.

शेवटच्या बैठकीला संघाची सगळी मंडळी बाहेरच्या बाकांवर येऊन बसली. आत मॅडमनी विचारलं, “कलम चौदा. काही सूचना?”

“आहे,” काकू म्हणाल्या. “कलम राहू द्या.”

विमावाल्याच्या हातातून एक पेन पडलं.

“पण सगळ्या नातेवाइकांना सरसकट घरी बसवू नका. डोळे आमचे चांगले आहेत. फक्त ते आपल्या माणसाला सोडून कुठे जात नाहीत. म्हणून असं लिहा की ज्यानं त्यानं स्वतःच्या घरच्या माणसासाठी बघायचं नाही. दुसऱ्याच्या माणसासाठी बघावं.” आणि जाता जाता त्यांनी आणखी एक जोडलं, कारण सवय जात नाही: “आणि उड्डाण चालू असताना निरीक्षकाचा फोन बंद पाहिजे. पूर्ण बंद.”

विमावाल्यानं कपाळाला आठ्या घालून बराच विचार केला. त्यात त्याला कुठे भोक सापडेना. कलम मंजूर झालं.

काकू बाहेर आल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

“म्हणजे,” मिशीवाला सावकाश म्हणाला, “माझी बायको दुसऱ्याकडे जाणार?”

“छकुलीकडे.”

“आणि माझ्याकडे कोण येणार?”

“मी.”

मिशीवाल्याच्या मिशांची दोन्ही टोकं खाली आली. “चौदा उडवा म्हटलं होतं मी,” तो पुटपुटला. त्याची बायको मात्र टाळी वाजवून उठली. “चला! इतकी वर्षं ह्यांच्या मागे उभी आहे, कधी कुणी ‘बरोबर बघितलंस’ म्हणालं नाही. छकुली, तू म्हणशील ना गं?”

मेहुण्याशी नातं तोडायला निघालेल्यानं तिथल्या तिथे मेहुणा दुसऱ्याला देऊन टाकला आणि बदल्यात एक मामा घेतला. बाकांवर असा बाजार सुरू झाला की शिपाई येऊन म्हणाला, “हे सरकारी कार्यालय आहे, स्थळं बघायची जागा नाही.”

काही दिवसांनी नियम लागू झाले. पहिल्या कामाच्या सकाळी छकुली आणि मिशीवाल्याची बायको एका सूतगिरणीच्या गच्चीवर गेल्या. काकू मिशीवाल्याबरोबर गावाबाहेर, नव्या कालव्याच्या खोदकामावर. निघताना त्यांनी मिशीवाल्याच्या बायकोला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, “ती मागे सरकते हं.”

“आणि आमचे हे पुढे सरकतात,” ती म्हणाली.

“पण आपण बघायचं नाही.”

“छे! मुळीच नाही.”

मिशीवाल्यानं फळीवर ठेवलेलं मशीन उडवलं. काकूंनी फोन बंद केला आणि मान वर केली. पोटात नेहमीचा गोळा यायची त्या वाट बघत राहिल्या, पण तो आलाच नाही. मिशीवाल्याच्या पायांबद्दल त्यांना काहीही वाटत नव्हतं! ते पाय त्याच्या बायकोचे, त्याच्या आईचे, फार तर विम्याचे. काकूंचे नव्हेत. त्यांचे डोळे मोकळे झाले आणि सरळ आकाशात गेले.

आणि काय ते आकाश! एवढे दिवस त्या खाली उभं राहून आकाशाला नुसतं ओरडत होत्या, नीट भेटल्याच नव्हत्या. मशीन कालव्याच्या रेषेवरून असं निघालं होतं की कुणी निळ्या कापडावर टाका घालत चाललंय. ते वळलं की उन्हात चमकायचं. पाकोळ्यांचा थवा त्याच्याखालून गेला. एक बगळा मागून आला, त्यानं मशीनकडे एकवार पाहिलं आणि त्याची कीव केल्यासारखी वाट बदलली. काकूंना एकदम गाणं म्हणावंसं वाटलं. मग त्यांनी ते गुणगुणलंही.

“बगळा, लांबून गेला. समोर मोकळं. अगदी मोकळं! किती छान वळवता हो तुम्ही!”

“काकू,” मिशीवाला म्हणाला, “जरा इकडे...”

“बोलू नका. नजर हलते.”

“अहो, पण काकू...”

“नियम आहे! उजवीकडे पाकोळ्या. सांभाळा.”

तो पुन्हा काही बोलला नाही. मधून एखादं “अगं आई गं” ऐकू आलं, पण आईला हाक मारायला कुठल्या कलमानं बंदी केलेली नव्हती. मशीन फिरलं, परतलं, फळीवर अलगद उतरलं. पंखे थांबल्याबरोबर काकूंनी फोन चालू केला आणि मिशीवाल्याच्या बायकोला लावला. लागेना. पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त. कुणाशी बोलतेय ही? दवाखान्याशी? तिसऱ्यांदा लावणार तोच हातातला फोनच वाजला.

“अहो, किती वेळ लावतेय मी!” मिशीवाल्याची बायको पलीकडून ओरडत होती. “तुमचा सारखा व्यस्त!”

“मी तुम्हालाच लावत होते! छकुली कशी आहे?”

“उभी आहे. पाइपबिइप ओलांडले असतील, मला काही कल्पना नाही, मी एकदासुद्धा बघितलं नाही! आणि फोटो म्हणे सरळ आलेत, त्यावरून नाचतेय ती इथे. आमचे कसे आहेत?”

काकूंनी मान खाली केली आणि त्या सकाळी पहिल्यांदाच मिशीवाल्याकडे वळून पाहिलं. रिमोट दोन्ही हातांनी छातीशी धरून तो कालव्याच्या गाळात मांड्यांपर्यंत रुतला होता. मिशा तेवढ्या कोरड्या होत्या.

“उभे आहेत हो,” काकू फोनमध्ये म्हणाल्या. “जरा बुटके झालेत, पण अगदी ताठ उभे आहेत.”